सावलीतलं पिवळं

झेंडा निळा होता. आता निळा झेंडा निळा नसणार तर काय, असं कोणीही म्हणेल. पण नागपूरहून सौंसरला येणाऱ्या बसमध्ये, उजव्या डोळ्याची पट्टी सकाळीच निघालेली आणि वर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, अशा थाटात बसलेल्या प्रकाश सोमकुंवरला जामसांवलीच्या फाट्याच्या अलीकडे एका वस्तीवर तो झेंडा दिसला आणि त्यानं चष्माच काढून हातात घेतला. "बाबा, चष्मा घाला. डॉक्टर काय म्हणाले?" शेजारून अश्विनी म्हणाली. त्यानं घातला नाही. भर वैशाखाचं ऊन होतं, डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि तरी तो त्या निळ्याकडे मान वळवून वळवून पाहत राहिला. एवढं निळं जगात शिल्लक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या मोहल्ल्यातल्या विहारावरचा झेंडा तर त्यानं समितीच्या भैय्याजीला वर्षभरात दोनदा बदलायला लावला होता. "धुरकटला आहे भैय्याजी, काहीतरी लाज बाळगा," असं चारचौघांत म्हणाला होता. "सर, परवाच तर आणला," असं तो बिचारा म्हणत होता, तर यानं त्यालाच सुनावलं, "मग दुकानदारानं फसवलं तुमाले." पांढुर्ण्याच्या शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलेला माणूस. रंगाच्या बाबतीत त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? भैय्याजीनं मुकाट्यानं तिसरा झेंडा आणला. आता प्रकाशला बसमध्येच हसू आलं. इतकी वर्षं आपण चहाच्या गाळणीतून जग पाहत होतो आणि शिव्या मात्र जगाला देत होतो. त्यानं स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. मलईच्या रंगाचा म्हणून घेतलेला सदरा पांढराशुभ्र होता. झेंड्याचं आणि सदऱ्याचं त्यानं अश्विनीला सांगितलं. हेच वत्सलाला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून पोट दुखेस्तोवर हसली असती, आणि मग सगळ्या मोहल्ल्याला सांगून आली असती. वत्सलाला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. हसू तिथंच थांबलं.

घर उघडल्याबरोबर समोरच्या भिंतीवर चित्र. ते अश्विनीनं वत्सला गेल्यावर काचेत घालून तिथं लावलेलं होतं, आणि घरी आलेला प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता त्याच्याकडे पाहून काही ना काही बोलायचा. प्रकाशची चित्रं म्हणजे घाईची चित्रं. पाण्याचे रंग, ओला कागद, दहा-पंधरा फटकारे की झालं. तो चेहऱ्यात नाक-डोळे काढत बसायचा नाही. तीन ठिकाणी ब्रश टेकवला की माणूस ओळखू यायचा, आणि यायचाच, ही त्याची मिजास होती. या चित्रात वत्सला अंगणात खाटेवर बसलेली. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा, मागं चुन्याची भिंत, आणि ती चेहरा वर उचलून समोर पाहते आहे. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन तिच्या गालावरून गळ्यावर आणि गळ्यावरून हातावर उतरलेलं. एका अंगाला कागद कोराच सोडलेला, तोच उजेड. "सर, वहिनी उन्हाले तोंड देऊन बसल्या, किती समाधान हाय चेहऱ्यावर," असं लोक म्हणायचे. अश्विनी तर म्हणायची की आई गेली असं या चित्रासमोर वाटतच नाही. प्रकाश रोज सकाळी उठून आधी या चित्राकडे पाहायचा. वर्षभर त्यानं दुसरं काही रंगवलं नव्हतं. त्या दिवशीही त्यानं सवयीनं पाहिलं, नव्या डोळ्यानं, आणि दारातच उभा राहिला. चित्रातली बाई पिवळी होती. उन्हाची पिवळी नाही. कावीळ झालेल्या माणसाची असते तशी, आतून पिवळी.

बरं झालं की अश्विनी तेव्हा चहा ठेवायला आत गेली होती. प्रकाशनं उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं पाहिलं. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता, त्याची तारीख पुढच्या महिन्यातली. डाव्या डोळ्यानं सगळं नेहमीसारखं दिसलं. वत्सला उन्हात बसलेली, भिंत उबदार, शेंगा पोपटी. मग डावा झाकून उजव्यानं पाहिलं, तर पिवळी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. एखाद्यानं खिडकीतून पाहिलं असतं तर म्हातारा चित्राला डोळे मारतो आहे असंच वाटलं असतं. त्यानं मनाची समजूत घातली, आणि समजूत तशी खरीच होती. डोळ्यात गाळणी, तर कागदावर चहा सांडणारच. भैय्याजीचा झेंडा धुरकट, सदरा मलईचा, तशी वत्सला पिवळी. दोष डोळ्याचा. तिला काय झालं होतं आणि आपण काय रंगवलं, याचा एकमेकांशी संबंध लावायचं कारण नाही. असं म्हणून तो चहा प्यायला. पण कप हातात असतानाच अश्विनी म्हणाली, "बाबा, फ्लेक्सवाल्याला हेच चित्र पाठवलं मी. रविवारी वर्षाच्या पुण्यानुमोदनाला फोटोऐवजी हेच लावू. माणसाएवढं मोठं होते म्हणाला तो." आणि त्यानं अर्धा कप तसाच खाली ठेवला.

एक गोष्ट तो तेव्हा मुद्दाम आठवत नव्हता, आणि जे मुद्दाम आठवायचं नाही तेच माणसाला घोळून घोळून आठवतं. वर्गात त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. दर वर्षी पोट्टे बदलायचे, वाक्य तेच. "सावली म्हणजे काळं नाही, लेकहो. सकाळचं ऊन पिवळं असते, पण उन्हाचं पिवळं सावलीत जात नाही. सावलीत निळं टाका." पोरांना ते पटायचं नाही. मग तो त्यांना रेल्वेनं तिगावच्या स्टेशनावर घेऊन जायचा. फलाटावर कोणाला तरी उभं करायचा आणि सांगायचा, गाल पाहा, पिवळा. आता हनुवटीच्या खाली पाहा. पोरं डोळे बारीक करून पाहायची आणि मग एकेकाच्या तोंडावर ते उमटायचं, सर, निळसर आहे. दर वर्षी तो क्षण यायचा आणि दर वर्षी प्रकाशला आपण आपल्या जन्माचं सार्थक करून टाकलं असं वाटायचं. बाकी नोकरीत काय होतं? जनगणना करा, निवडणुकीची पेटी सांभाळा, पंधरा ऑगस्टला फळ्यावर तिरंगा काढा. ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे शाळेतला रिकामा माणूस, असं हेडमास्तर तोंडावर म्हणायचे. घरी मात्र वत्सला त्याला फार मोठा माणूस समजायची. रामाकोन्याची, शेतमजुरांच्या घरातली पोर. लग्नानंतर पहिल्यांदा कन्हानच्या काठावर त्यानं तिच्यासमोर पाणी रंगवलं तेव्हा ती म्हणाली होती, "अजी, नदी माह्या जन्माची पाहिली मी, पण हे जांभळं कधी दिसलं नाही. तुमाले देवानं दुसरेच डोळे देल्ले." देवबिव आपण मानत नाही, हे त्यानं तिला तिथल्या तिथं ऐकवलं. पण दुसरे डोळे ही गोष्ट मात्र त्यानं मनात ठेवून घेतली. साडी घ्यायची तर रंग तो सांगणार. भिंतीला चुना देताना नीळ किती टाकायची ते तो सांगणार. संत्री गोड निघतील की आंबट ते सालीच्या रंगावरून तो सांगणार, आणि आंबट निघाली तरी वत्सला म्हणणार, यंदा पाऊसच तसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी अंघोळीला गेली तेव्हा तो पुन्हा चित्रापुढं उभा राहिला. जवळ गेला. या वेळी वत्सलाकडे पाहायचंच नाही असं ठरवून त्यानं भिंतीकडे पाहिलं, चित्रातल्या भिंतीकडे. खाटेच्या पायाची सावली भिंतीच्या बुडाशी पडली होती. ती निळी होती. छान, थंड, पातळ निळी. सुपाच्या खालची सावली निळी. तिच्या पांढऱ्या पातळाच्या घड्यांत निळं. खाटेखाली लोळलेल्या मांजराच्या पोटाशीसुद्धा निळं. जिथं जिथं सावली तिथं तिथं त्यानं निळं टाकलं होतं, वाक्यासारखं, जन्मभराच्या सवयीनं, डोळ्यात मोतीबिंदू असो की नसो. निळं नव्हतं ते फक्त तिच्या हनुवटीखाली. गळ्याच्या खाचेत. कोपराच्या आतल्या बाजूला. तिथं त्यानं यलो ऑकर, तो मातकट पिवळा, टाकला होता, जाड, पुन्हा हात न लावता. म्हणजे डोळ्याचा दोष नव्हता. डोळ्याचा असता तर भिंतही पिवळी झाली असती, मांजरही. एकाच कागदावर, एकाच सकाळी, एकाच डोळ्यानं त्यानं सगळ्या दुनियेच्या सावल्या निळ्या पाहिल्या होत्या आणि एकाच माणसाची पिवळी. आणि जी होती तशीच लावली होती. प्रकाश खाली बसला. अंघोळीच्या खोलीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि आता हा आवाज थांबू नये, पोरगी बाहेर येऊ नये, असं त्याला वाटलं. या जगात त्याला आता ती एकच उरली होती. भोपाळहून दर रविवारी फोन करणारी, आईसाठी रडताना बापाच्या खांद्यावर डोकं ठेवणारी. तिला हे कळलं तर तो कोणाच्या तोंडाकडे पाहून जगणार?

कारण ती सकाळ त्याला आता सगळी आठवत होती, आणि तिच्यात नुसतं ऊन नव्हतं. वत्सला शेंगा सोलत बसली होती. मधूनच हात खाजवत होती. त्या हिवाळ्यात ती सारखी खाजवायची, थंडीनं अंग फुटते म्हणायची, खोबरेल लावायची. प्रकाशनं खुर्ची मांडली होती, पाट गुडघ्यावर, कागद ओला करून ठेवलेला. सुपातल्या शेंगांचे सोले काढून होण्याआधी चित्र व्हायला पाहिजे, हा त्याचा नेहमीचा खेळ. तेवढ्यात तिनं मान वर केली. "अजी," म्हणाली, "ते शेजारची प्रेमलता म्हणून राहिली का मी पिवळी दिसून राहिली. डोळेबी पिवळे म्हणते. दवाखान्यात जाऊन ये म्हणते. आरशात तं मले काही समजत नाही. तुमी पाहा बरं. तुमाले रंगातलं समजते." आणि तिनं चेहरा वर उचलून धरला, तपासायला. उन्हाकडे नाही, त्याच्याकडे. प्रकाशनं पाहिलं. मॉडेलकडे पाहावं तसं डोळे बारीक करून, डोकं एका बाजूला कलंडवून पाहिलं. आणि म्हणाला, "प्रेमलताले काय समजते? सकाळचं ऊन आहे हे. या दिवसात असंच पडते. हलू नको. अशीच राह्य." ती तशीच राहिली. आज लोक ज्याला समाधान म्हणतात ते तेच तोंड. विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहणारं, आणि उत्तर मिळाल्यावरही, नवऱ्याचं चित्र बिघडू नये म्हणून तसंच वर धरून ठेवलेलं. मान अवघडली असेल. तिनं ती हलवली नाही. चित्र झाल्यावर तिनं पाहिलं, "माहं तोंड तं सोन्यासारखं करून टाकलं तुमी," म्हणाली, आणि सोले घेऊन आत गेली. दवाखान्याचं पुन्हा काढलं नाही. होळीला अश्विनी आली, तिनं अंगणात आईचे डोळे पाहिले आणि किंचाळली. नागपूरच्या डॉक्टरनं सगळे रिपोर्ट पाहून झाल्यावर एवढंच म्हटलं की महिना-दीड महिना आधी आले असते तर ऑपरेशनचा तरी विचार करता आला असता. हे वाक्य ऐकून प्रकाश रडला होता. पण तेव्हा त्याला वाटलं होतं की ते नशिबाबद्दलचं वाक्य आहे.

इथवर आलं तरी माणूस स्वतःला सोडवू शकतो. चुकलं, कळलं नाही, कोणाचं चुकत नाही? प्रकाशनंही तेवढी वाट शोधली असती. पण त्याला ब्रशही आठवला. गळ्याखालच्या सावलीसाठी त्यानं सवयीनं निळं उचललं होतं. ब्रश भरलेला, थेंब टोकाशी आलेला, आणि हात कागदाच्या वर थांबला. कारण समोर निळं नव्हतं. समोर पिवळं होतं, सावलीत, जिथं ते असूच शकत नाही तिथं, एक खोल, मधाळ पिवळं. त्यानं आयुष्यात असं कधी पाहिलं नव्हतं. हे कुठून आलं, असा प्रश्नही त्याच्या मनाला शिवला होता, हो, शिवला होता, आणि त्यानं तो बाजूला सारला होता, कारण रंग वाळत होता. त्यानं ब्रश पाण्यात बुचकळला, डब्यातलं पाणी निळं झालं, आणि ऑकर घेऊन त्यानं ते जसं होतं तसं एका फटक्यात लावलं. लावल्यावर अंगावर शहारा आला होता. खुशीचा. आज जमलं, असं वाटलं होतं. तिचं मरण तिच्या गळ्याखाली उभं होतं, ते त्याला दिसलं होतं, आणि आवडलं होतं. यापुढं विचार जात नव्हता. जाऊ शकतच नव्हता. प्रकाश बसल्या जागी हातांकडे पाहत राहिला. नव्या डोळ्याला हातावरच्या शिरा हिरव्या-निळ्या, अगदी स्पष्ट दिसत होत्या.

त्यानं प्रयत्न केले, नाही असं नाही. जेवताना म्हणाला, "अश्विनी, फ्लेक्सवर फोटोच लावू. लोकांच्यात फोटो लावतात." अश्विनी म्हणाली, "कोणता फोटो? आधार कार्डावरचा? बाबा, तुमच्यासारखा माणूस घरात असून आईचा फोटो लावायचा?" शेवटी फ्लेक्स आणायला पांढुर्ण्याला ती निघाली तेव्हा, डोळ्यात धूळ जाईल म्हणून ती ओरडत असतानाही, तो सोबत गेला. ती मेणबत्त्या आणि पांढरं कापड घ्यायला बाजारात वळली आणि हा दुकानात शिरला. दुकान त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याचं निघालं, अंकुशचं. तो उठून पाया पडला, खुर्ची पुसून दिली. "अजून छापलं नाही सर, तुमी आले तं तुमच्या नजरेनं कलर पाहून घ्या." कॉम्प्युटरवर वत्सला उजळली, मागून दिवा लावल्यासारखी, आणखी पिवळी. "थोडं पिवळं कमी होते का?" प्रकाशनं विचारलं. आवाज आपला नाही असं त्याला वाटलं. "काऊन नाही होत?" अंकुशनं माऊस सरकवला. पिवळं हळूहळू उतरायला लागलं. आणि प्रकाश पुढं वाकला, कारण वत्सला बरी होत होती. गाल सावळे झाले, तिचे होते तसे. गळ्याखाली गारवा आला. हात रामाकोन्याच्या पोरीचे हात झाले. तीनचार क्षण ती त्या काचेत धडधाकट बसली होती, विचारायला काही नसलेली. "पण सर," अंकुश म्हणाला, "ऊन मरून राहिलं नं." खरंच भिंत शाईसारखी झाली होती आणि सकाळ नाहीशी झाली होती. "नुसता चेहरा घेऊन करू का? होते तसंबी." मग त्यानं गळ्याजवळ मोठं करून पाहिलं आणि हसला. "सर, तुमी इथं निळं घेतलंच नाही. आमाले सावलीत निळं टाका म्हणून मारलं, अन् खुद्द पिवळं टाकलं. त्याच्यानंच तं तोंड आतून पेटल्यावानी दिसते. ही ट्रिक शिकवली नाही तुमी आमाले." नुसता चेहरा घेऊन करता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण तिनं एकदा विचारलं होतं आणि त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता तेच तिच्या तोंडावरून पुसून टाकायचं, म्हणजे दुसऱ्यांदा तेच. "राहू दे," तो म्हणाला. "जसं आहे तसंच छाप." अंकुशनं माऊस परत सरकवला.

रविवारी ऊन चढायच्या आत कार्यक्रम होता. विहारात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाजूला माणसाएवढी वत्सला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यातली माणसं सतरंजीवर बसली. प्रकाश पुढं बसला होता, काळा चष्मा लावून, आणि त्या चष्म्याचे त्यानं मनातून आभार मानले. माणसं एकेक उठून बोलत होती. वहिनी कशा होत्या, कोणाच्या बाळंतपणात कशा धावल्या, विहाराची भिंत बांधताना डोक्यावर विटा कशा वाहिल्या. मग शेजारची प्रेमलता उठली. तिला माइक धरायची सवय नव्हती. तो तिनं दोन्ही हातांनी धरला. "वत्सलाबाई माही बहीणच होती," ती म्हणाली. "पण तिच्यासाठी सर म्हणजे सर होते. त्या वर्सी मी तिले म्हटलं, बाई, तू पिवळी दिसून राहिली, दवाखान्यात जाऊन ये. तं दुसऱ्या दिवशी मले म्हणते कशी, प्रेमलता, मी ह्याईले दाखवलं. ह्याईनं पाहिलं, ते उनाचं हाय म्हणे. ह्याईले रंगातलं समजते, तुले काय समजते? अन् हासली. असा भरोसा आताच्या बायकायचा नसते नवऱ्यावर." लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी मागून साधू साधू साधू म्हटलं. प्रेमलता डोळे पुसत खाली बसली. तिच्या बोलण्यात कुठं टोचणी नव्हती, तिला त्यातून काही सुचवायचंच नव्हतं. टोचणी असती तर प्रकाशला सोसलं असतं.

अश्विनी फ्लेक्सच्या बाजूला मेणबत्त्या सरळ करत बसली होती. तिचा हात थांबलेला त्याला दिसला. तिनं आईकडे पाहिलं, वर, त्या उचललेल्या तोंडाकडे, बराच वेळ. मग बापाकडे पाहिलं. वंदना संपली, माणसं जेवायला बाहेर मंडपात जायला लागली, तशी ती येऊन त्याच्याजवळ सतरंजीवर टेकली. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हे चित्र त्याच दिवशीचं आहे का?" त्यानं हो म्हणून मान हलवली. "आई इथं तुम्हाला विचारून राहिली आहे का?" त्यानं पुन्हा तशीच मान हलवली. तिचा चेहरा आक्रसला. ती रडेल असं त्याला वाटलं, उठून जाईल असं वाटलं, आणि एका परीनं तो त्यालाही तयार होता. पण ती उठली नाही. तिनं त्याच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी सापडल्यासारखं झालं. "पण तेव्हा तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू होता नं," ती म्हणाली. भराभर बोलायला लागली. "तुम्हाला भैय्याजी काकांचा झेंडा दिसला नाही, शर्ट दिसला नाही. मग आई कशी दिसेल? तुम्हाला दिसलंच नसेल, बाबा. हो न? दिसलंच नाही तुम्हाला." तिनं त्याचा हात धरला होता. घट्ट धरला होता. तिला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता आणि तो मिळेपर्यंत ती श्वासही सोडणार नव्हती. प्रकाशच्या समोर भिंतीला टेकून वत्सला बसली होती, हनुवटीखाली ते पिवळं घेऊन, आणि तिच्या मागं खाटेच्या पायाची सावली निळी होती.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

अश्विनीनं श्वास सोडला. त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. ते मोकळं झालेल्या माणसाचं होतं. "तुमची काहीच चूक नाही, बाबा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. यापुढं आयुष्यभर ती असंच म्हणणार होती, आणि त्याला ते ऐकून घ्यावं लागणार होतं. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला, आणि माणसं खोळंबली असतील म्हणून भात वाढायला बाहेर गेली.